एक्सचेंज विद्यार्थी आणि व्हिजिटिंग विद्यार्थी: वर्ग एकच, विषयांची यादी वेगळी

परदेशातील विद्यापीठात संपूर्ण पदवी न घेता एका सत्रासाठी किंवा फार तर एका वर्षासाठी शिकायला जाणारे विद्यार्थी मुख्यतः दोन वाटांनी जातात. पहिल्या वाटेने जातो तो एक्सचेंज विद्यार्थी. दोन विद्यापीठांमध्ये आधीच झालेल्या करारानुसार त्याचे मूळ विद्यापीठ त्याला पाठवते आणि यजमान विद्यापीठ त्याला घेते. दुसऱ्या वाटेने जातो तो व्हिजिटिंग विद्यार्थी. तो स्वतः अर्ज करतो, यजमान विद्यापीठाची फी स्वतः भरतो, आणि त्याच्या पाठीशी असा करार असण्याची गरज नसते. युरोपातील अनेक विद्यापीठे याच विद्यार्थ्याला ‘फ्री मूव्हर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे त्याच्यासाठी ‘स्टडी अब्रॉड’ असे वेगळे पान ठेवतात, तर अमेरिकेत ‘स्टडी अब्रॉड’मध्ये एक्सचेंजही येते. त्यामुळे माहिती शोधताना चुकीच्या पानावर जाऊन पोहोचणे अगदी सहज घडते.

दोघांनाही यजमान विद्यापीठाची पदवी मिळत नाही. मिळते ती घेतलेल्या विषयांची गुणपत्रिका. दोघेही त्याच वर्गात बसतात, तीच परीक्षा देतात आणि तेच ग्रंथालय वापरतात. म्हणूनच ‘फरक काय तो फीचा’ असा सर्वसाधारण समज आहे. फीचा फरक खरा आहे आणि काही वेळा तो फार मोठाही असतो, परंतु तो अर्ज करण्यापूर्वीच दिसतो. उशिरा लक्षात येणारा आणि म्हणून अधिक त्रासदायक ठरणारा फरक विषयांचा आहे: विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या विषयांपैकी आपल्याला कोणते घेता येतील, आणि परतल्यावर ते आपल्या पदवीत कोण व कोणत्या आधारावर मोजेल.

आधी एक्सचेंजची रचना पाहू. तिचा पाया देवाणघेवाणीचा असतो. इकडचे जितके विद्यार्थी तिकडे जातील, साधारण तितकेच तिकडचे इकडे यावेत, आणि प्रत्येकाने फी आपापल्या मूळ विद्यापीठातच भरावी, असे ते गणित आहे. या समतोलामुळे जागा मोजक्या राहतात आणि निवडीची पहिली फेरी मूळ विद्यापीठातच होते. तिथून नामांकन गेल्याशिवाय यजमान विद्यापीठ अर्ज घेत नाही. युरोपातील विद्यार्थी-देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून गेले. त्या योजनेत यजमान विद्यापीठाला शिकवणी, नोंदणी, परीक्षा, प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय यांसाठी फी घेता येत नाही. विमा किंवा विद्यार्थी संघटनेची वर्गणी यांसारखी किरकोळ रक्कम मात्र घेता येते.

विषयांच्या दृष्टीने पाहिले तर या करारात एक गोष्ट दडलेली असते, जी विद्यार्थी क्वचितच विचारतात. करार संपूर्ण विद्यापीठाशी आहे की एका विभागाशी? इरॅस्मसमधील बरेच करार अभ्यासशाखेनुसार केलेले असतात. इतिहास विभागाच्या करारावर गेलेल्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राचा एखादा विषय घ्यावासा वाटला, तर तो कधी मिळतो, कधी मिळत नाही; आणि मिळाला तरी बहुतेक क्रेडिट (विषयाचा अभ्यासभार मोजण्याचे एकक) यजमान विभागातच पूर्ण करावे लागतात. विद्यापीठस्तरीय करारात मोकळीक जास्त असते. तरीही वैद्यकशास्त्र, दंतवैद्यक, रुग्णालयातील प्रत्यक्ष काम आणि प्रबंध यांसारखे विषय एक्सचेंजच्या यादीतून सहसा वगळलेले असतात, कारण तिथल्या जागा त्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच मोजलेल्या असतात.

व्हिजिटिंग विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याच्यावर कोणत्याही विभागाच्या कराराचे बंधन नसते, आणि काही ठिकाणी त्याच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच आखलेले आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा ‘जनरल कोर्स’ १९१० पासून चालत आला आहे. त्यात दुसऱ्या विद्यापीठाचा पदवी विद्यार्थी वर्षभरासाठी येतो आणि निरनिराळ्या विभागांच्या पदवीस्तरीय विषयांमधून आपली निवड करतो. ऑक्सफर्डची पद्धत निराळी आहे. तिथे व्हिजिटिंग विद्यार्थ्याने अर्ज कॉलेजकडे करायचा असतो, आणि कोणत्या विषयांसाठी असे विद्यार्थी घ्यायचे हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. आठ आठवड्यांच्या सत्रात शिक्षणाचा कणा म्हणजे ट्यूटोरियल. विद्यार्थ्याने निबंध लिहून आणायचा आणि शिक्षकासमोर बसून त्याची बाजू मांडायची, अशी ती रीत आहे. विषयांची छापील यादी पाहून त्यातल्या चार-पाचांवर खुणा करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत सुरुवातीला अनोळखी वाटते, पण ज्याला एकाच विषयात खोल जायचे आहे त्याच्यासाठी ती उत्तम आहे, असे माझे मत आहे.

अर्थात व्हिजिटिंग विद्यार्थ्याचे स्वातंत्र्यही पूर्ण नसते. स्वीडनमध्ये फ्री मूव्हरला देशातील सामायिक प्रवेश संकेतस्थळावरून सुट्या विषयांसाठी अर्ज करावा लागतो. प्रत्येक विषयाची प्रवेशपात्रता त्याला इतर अर्जदारांप्रमाणेच सिद्ध करावी लागते, आणि जागा कमी असतील तर गुणवत्ता यादीतही यावे लागते. एक्सचेंज विद्यार्थ्याचे नामांकन मात्र थेट विद्यापीठाकडे जाते आणि त्याच्यासाठी वेगळी यादी असते. म्हणजे मोकळी निवड ज्याच्या हाती आहे त्याला स्पर्धाही करावी लागते, आणि ज्याची निवड आखलेली आहे त्याची जागा त्या मानाने सुरक्षित असते.

फीबद्दल थोडक्यात. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे बहुतांशी शिकवणी फी घेत नाहीत, परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रासाठी १,५०० युरो फी लागू झाली. करारावर येणाऱ्या एक्सचेंज विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे, फी भरणे इतरांच्या वाट्याला येते. स्वीडनने २०११ च्या शरद सत्रापासून अशीच फी आणली आणि तिथेही एक्सचेंज विद्यार्थ्यांना ती लागत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली आयसेप ही संस्था तर दोन्ही वाटा एकाच छपराखाली चालवते. तिच्या ‘एक्सचेंज’ प्रकारात विद्यार्थी आपल्या मूळ विद्यापीठातच पैसे भरतो, आणि ‘डायरेक्ट’ प्रकारात कार्यक्रमाची रक्कम संस्थेकडे भरतो. अर्ज एकाच ठिकाणी, कधी कधी यजमान विद्यापीठही तेच, पण हिशेब पूर्ण वेगळा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील विषयसूची विद्यापीठ काय शिकवते ते सांगते. तुम्हाला काय घेता येईल ते सांगत नाही. या दोन गोष्टींमध्ये किमान चार चाळण्या आहेत. पहिली चाळण सत्राची: विषय शरद सत्रात शिकवला जातो की वसंत सत्रात, आणि ब्रिटनमधील काही विषयांप्रमाणे तो वर्षभर चालणारा तर नाही? दुसरी पातळीची. अमेरिकेत विषयाच्या क्रमांकावरून पातळीचा अंदाज येतो: १०० च्या घरातले विषय प्राथमिक, ३०० आणि ४०० च्या घरातले वरच्या वर्षांचे, आणि बऱ्याच विद्यापीठांत ५०० पासून पदव्युत्तर. इंग्लंडमध्ये पदवीच्या तीन वर्षांना चौथी, पाचवी आणि सहावी पातळी म्हणतात. तिथली ‘चौथी पातळी’ हे पदवीचे पहिले वर्ष असते, हे ठाऊक नसेल तर निवड भलतीकडे जाते. तिसरी चाळण पूर्वअटींची. एखाद्या विषयासाठी तिथला आधीचा विषय उत्तीर्ण असणे आवश्यक असेल, तर आपल्या मूळ विद्यापीठातील समकक्ष विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम सोबत पाठवावा लागतो. केवळ विषयाचे नाव असलेली गुणपत्रिका पुरत नाही. चौथी चाळण भाषेची. देशभाषेत चालणाऱ्या विद्यापीठात इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय ही एक वेगळी आणि बरीच लहान यादी असते, आणि तिच्यात पदव्युत्तर विषयांचा भरणा पुष्कळदा जास्त असतो.

या चाळण्या दोघांनाही लागू होतात, पण त्या लावणारा माणूस वेगळा असतो. एक्सचेंज विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन्हीकडचे समन्वयक आधीच बोललेले असतात आणि पूर्वी गेलेल्या विद्यार्थ्यांनी घेतलेल्या विषयांची नोंदही असते. व्हिजिटिंग विद्यार्थ्याला प्रत्येक विभागाशी पत्रव्यवहार स्वतः करावा लागतो. नोंदणीच्या रांगेत मात्र दोघेही बहुधा मागेच असतात, कारण पदवीचे नियमित विद्यार्थी आधी नोंदणी करतात आणि उरलेल्या जागा पाहुण्यांना मिळतात. म्हणूनच पाच विषय घ्यायचे असतील तर आठ-दहा विषयांना मूळ विद्यापीठाची आगाऊ मान्यता घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते.

क्रेडिटच्या हिशेबात सर्वाधिक गोंधळ होतो, त्यामुळे तो जरा सावकाश पाहू. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्णवेळ वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटसाठी २५ ते ३० तासांचे एकूण काम गृहीत धरलेले असते. त्यात व्याख्याने, वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारी हे सगळे आले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षाचे १२० क्रेडिट होतात. अमेरिकेत सत्रपद्धती असलेल्या विद्यापीठात ते साधारण ३० होतात. मेलबर्न विद्यापीठात क्रेडिटऐवजी ‘पॉइंट’ मोजतात; वर्षाचे १०० पॉइंट असतात आणि नेहमीचा एक विषय १२.५ पॉइंटचा असतो. एकच वर्ष मोजण्याच्या या चार पट्ट्या आहेत, असे धरले की रूपांतर सोपे होते: ब्रिटनचे दोन क्रेडिट म्हणजे युरोपचा एक, आणि अमेरिकेचा एक म्हणजे युरोपचे साधारण दोन. तासांच्या आधारावर गुणाकार करू पाहणाऱ्याचा हिशेब मात्र जुळणार नाही, कारण अमेरिकेतील एक क्रेडिट आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास वर्गाबाहेर, असा सुमारे पंधरा आठवड्यांसाठी धरलेला असतो. म्हणजे ४५ तास, युरोपच्या दोन क्रेडिटचे ५० किंवा ६० नव्हेत.

खरी अडचण येते ती अपूर्णांकांची. स्वीडनमधील नेहमीचा विषय ७.५ क्रेडिटचा असतो आणि सत्राला असे चार विषय होतात. अनेकदा ते एकामागून एक, प्रत्येकी पाच आठवडे, असे शिकवले जातात. अशा एका विषयाचे अमेरिकी मापाने ३.७५ क्रेडिट होतात. मूळ विद्यापीठात तो विषय चार क्रेडिटचा असेल तर पाव क्रेडिट कमी पडते, आणि पदवीच्या अखेरीस हे पाव-अर्धे तुकडे जमून एखादा अख्खा विषय शिल्लक राहू शकतो. किमान भाराचाही प्रश्न आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पदवी विद्यार्थ्याला सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. कठीण वाटणारा विषय मध्येच सोडून देताना ही मर्यादा आधी तपासली पाहिजे.

परतल्यानंतर या दोन वाटा सर्वांत दूर जातात. इरॅस्मसमध्ये निघण्यापूर्वी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा कागद तयार होतो. त्यावर विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. तिकडे कोणते विषय घेतले जातील आणि इकडे त्यांच्या बदल्यात काय मोजले जाईल, हे त्यात लिहिलेले असते. विषय बदलला तर कागदही बदलावा लागतो, पण ठरलेले विषय उत्तीर्ण झाल्यावर ते मोजण्याचे बंधन मूळ विद्यापीठावर राहते. निकाल जाहीर झाल्यापासून साधारणतः पाच आठवड्यांच्या आत गुणपत्रिका मूळ विद्यापीठाकडेही जावी, असे त्यात अपेक्षित असते. व्हिजिटिंग विद्यार्थ्याकडे असा त्रिपक्षीय कागद आपोआप येत नाही. त्याने आपल्या विभागप्रमुखाकडून किंवा परीक्षा विभागाकडून विषयनिहाय लेखी मान्यता स्वतः मिळवायची असते. तोंडी होकारावर विसंबून राहणे धोक्याचे, कारण वर्षभरात तो देणारी व्यक्तीच बदललेली असू शकते.

गुणांचे रूपांतर हाही याच टप्प्यावरचा विषय आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्णतेचा शेवटचा गुणांक आहे. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण होता येते, आणि १६ ला ‘अतिउत्तम’ म्हणतात. इटलीत ३० पैकी १८ लागतात. ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते. या आकड्यांची साधी टक्केवारी काढली तर फ्रान्समधील हुशार विद्यार्थी मध्यम ठरतो, आणि जर्मनीतील पट्टी तर उलटीच आहे. काही मूळ विद्यापीठे म्हणून परदेशातील विषयांना फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण अशी नोंद देतात आणि सरासरीत ते गुण धरत नाहीत. शिष्यवृत्ती किंवा पुढील प्रवेश सरासरीवर अवलंबून असेल, तर हा नियम जाण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

वेळापत्रकाची एक गाठ उरते. जर्मनीतील हिवाळी सत्राची व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि काही परीक्षा त्यानंतर होतात. ऑस्ट्रेलियाचे दुसरे सत्र जुलैच्या सुमारास सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये संपते. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये उघडते. ब्रिटनमध्ये शरद सत्रातील काही विषयांची परीक्षा जानेवारीत असते, आणि डिसेंबरातच परतणाऱ्या पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी काही विभाग त्याऐवजी निबंध किंवा आगाऊ चाचणी ठेवतात, तर काही विभाग तो विषय त्यांना देतच नाहीत. अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा बहुधा पुढच्या सत्रात किंवा उन्हाळ्यात, आणि तीही तिथेच जाऊन द्यावी लागते. एक्सचेंज विद्यार्थ्याला अशा वेळी दोन समन्वयकांमार्फत पर्याय मागता येतो. व्हिजिटिंग विद्यार्थ्याने यजमान विभागाशी स्वतःच बोलायचे असते, आणि तेही शक्यतो विषयाची नोंदणी करण्यापूर्वी.