जुने आउटबोर्ड मशीन दम का सोडते?

वर्सोवा, माहीम किंवा वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर लहान होडीच्या मागे टांगलेल्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीनबद्दलची तक्रार बहुधा एकच असते: मशीन सुरू होते, पण होडी पळत नाही. त्यावर सर्वप्रथम कार्बोरेटर उघडला जातो किंवा प्लग बदलला जातो. हे उपाय कधी लागूही पडतात. पण होडी हळू चालणे आणि मशीनची शक्ती कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या आधी वेगळ्या केल्याशिवाय सुटे भाग बदलणे म्हणजे निव्वळ खर्च आहे.

त्यासाठी फेरे मोजणारा साधा टॅकोमीटर पुरतो. पूर्ण थ्रॉटलवर मशीनने मिनिटाला किती फेरे घ्यावेत हे निर्माता सांगतो. बऱ्याच लहान जुन्या मशीनसाठी हा आकडा ४,५०० ते ५,५०० च्या आसपास असतो. फेरे पूर्ण मिळूनही होडी सरकत नसेल, तर दोष मशीनच्या शक्तीत नसून पंख्याकडे (प्रोपेलर) असतो. पंख्याच्या मध्यभागी रबराचे बुश असते आणि ते सैल झाले की आतला दांडा फिरतो, पण पंखा मागे राहतो. आतल्या नळीवर आणि पंख्यावर मिळून एक सरळ रेघ ओढावी व फेरी मारून यावे; रेघ तुटलेली दिसली तर निदान झाले. फेरेच कमी पडत असतील, तर तळाला चिकटलेले बार्नेकल (कवचधारी समुद्री जीव) आणि होडीत मुरलेले पाणी आधी तपासून मगच मशीनकडे वळावे.

मशीनमध्ये पहिली तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन निर्माण करतो त्या दाबाची करावी, कारण ते गेले असेल तर बाकीची मेहनत वाया जाते. सर्व प्लग काढून, ठिणगी बंद करून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून, प्लगच्या जागी लावलेल्या दाब मोजणाऱ्या गेजचा काटा स्थिर होईपर्यंत मशीन सुरू करायची दोरी ओढावी. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो: एकात ११० आणि दुसऱ्यात ७५ पीएसआय आले, तर रिंग, पिस्टन किंवा हेड गॅस्केट पाहावेच लागते.

मात्र टू-स्ट्रोकमध्ये गेज सगळे सांगत नाही. यात पिस्टनच्या खालची क्रँककेस हीसुद्धा पंपासारखे काम करते. हवा-इंधनाचे मिश्रण आधी तिथे येते आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. क्रँकशाफ्टचे सील झिजले, तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, आणि तरीही कॉम्प्रेशन उत्तम दिसते. इंधनपंपाचा पडदाही क्रँककेसमधील दाबाच्या धक्क्यांवरच हलतो. तो फाटला की पंप ज्या सिलिंडरच्या क्रँककेसला जोडलेला असतो, त्यात कच्चे इंधन थेट झिरपते. एकच प्लग सारखा काळा व ओला होत असेल, तर ठिणगीबरोबर या पडद्याचाही संशय घ्यावा.

सर्वाधिक फसवणारा दोष म्हणजे थोडा वेळ उत्तम चालून मग मिसिंग करणारे, म्हणजे धक्के देत अडखळणारे मशीन. याची दोन कारणे वरवर सारखीच भासतात. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले की तेल जसे अडत-अडत पडते, तसेच टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद राहिल्यास पेट्रोल येईनासे होते. दुसरीकडे, फ्लायव्हीलखालील जुन्या कॉइलमधील तार तापल्यावर तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. दोन्ही वेळा मशीन थोडे थांबल्यावर पूर्ववत चालते, म्हणून किनाऱ्यावर परतल्यावर काहीच सापडत नाही. तपास मिसिंग चालू असतानाच करावा लागतो. त्या क्षणी इंधनाच्या नळीवरचा, हाताने पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा दाबल्यावर मशीनने वेग घेतला, तर दोष इंधनपुरवठ्यात असतो. फुगा चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला असतो. फुगा दाबून फरक पडला नाही आणि जोडून ठेवलेल्या टेस्टरमधील ठिणगीही खंडित दिसली, तर कॉइलकडे बोट जाते.

पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात टाकीत राहिलेले पेट्रोल हा मुंबईत वेगळाच प्रश्न आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते दमट हवेतील पाणी शोषते. पाणी फार झाले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच, बसतो. टू-स्ट्रोकचे ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते, त्यामुळे खालचा थर ओढला गेला तर मशीन केवळ अडखळत नाही, वंगणाविना पिस्टन जाम होण्याचाही धोका असतो. नारळी पौर्णिमेनंतर जुनेच पेट्रोल वापरणे ही काटकसर महागात पडते.

शक्ती कमी होण्याबरोबर मशीन तापतही असेल, तर मशीन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार पाहावी. खाडीच्या गाळाने आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी पाणी आत घेणारे तोंड बुजते, थर्मोस्टॅटभोवती मीठ साचते आणि पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चक्र) झिजतो. तपासणीसाठी मशीन कोरडे चालवल्यास तोच इम्पेलर थोड्याच वेळात घासून निकामी होतो, म्हणून किनाऱ्यावर ते नेहमी गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच सुरू करावे.