जठराच्या कर्करोगातील रोबोटिक शस्त्रक्रिया : रुग्णनिवड

जठराच्या कर्करोगाच्या कोणत्या रुग्णावर पोट उघडून, कोणावर दुर्बिणीने (लहान छेदांतून, म्हणजे लॅपरोस्कोपीने) आणि कोणावर रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करावी, हे ठरविण्यास रुग्णनिवड म्हणतात. अशा रोबोटिक शस्त्रक्रियेची पहिली नोंद २००२ च्या सुमारास जपानमधून झाल्याचे सामान्यतः मानले जाते.

तिच्या फायद्याविषयी मतभेद आहेत. दक्षिण कोरियातील ४३४ रुग्णांच्या बहुकेंद्री अभ्यासात (२०१६) गुंतागुंतीचे प्रमाण रोबोटिक गटात ११.९ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात १०.३ टक्के आढळले. वेळ व खर्च मात्र रोबोटला अधिक लागला. जपानमधील यादृच्छिक चाचणीत (म्हणजे रुग्णांची गटवाटणी चिठ्ठीसारखी नशिबावर सोडलेल्या चाचणीत, २०२१) पोटातील जंतुसंसर्ग या मुख्य निकषावर लक्षणीय फरक पडला नाही, पण एकूण गुंतागुंत ८.८ विरुद्ध १९.७ टक्के अशी रोबोटिक गटात कमी दिसली. पहिल्या अभ्यासात गटवाटणी यादृच्छिक नव्हती आणि दुसऱ्यात फायदा दुय्यम निकषावर दिसला. त्यामुळे सरसकट वापराऐवजी, स्वादुपिंडाच्या वरच्या कडेलगतच्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड्स) काढायच्या असतील किंवा रुग्ण स्थूल असेल, अशा अवघड प्रसंगी आणि अनुभवी शल्यविशारद उपलब्ध असतानाच रोबोट निवडावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रोगाची अवस्था त्याआधी पाहावी लागते. जठराच्या आतल्या अस्तरापुरती मर्यादित लहान गाठ बहुधा एन्डोस्कोपीनेच (तोंडावाटे नळी घालून) काढता येते. शेजारच्या अवयवांत शिरलेल्या गाठीसाठी किंवा जठर फुटले असल्यास पोट उघडणेच सहसा सुरक्षित ठरते. पोटाच्या आतील पडद्यावरचे बारीक ठिपके सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतात, म्हणून वाढलेल्या रोगात आधी दुर्बिणीने पोट तपासतात. तेथे रोग पसरलेला आढळल्यास सामान्यतः केमोथेरपीला प्राधान्य मिळते.

शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून रुग्णाचे डोके उंच ठेवतात, त्यामुळे हृदय व फुफ्फुसांची क्षमता कळीची ठरते. बेळगाव सीमाभागात, विशेषतः तंबाखूच्या निपाणी परिसरात, विडीचे व्यसन किती वर्षांचे आहे हे म्हणूनच नेमके विचारावे, कारण धूम्रपानाने जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि फुफ्फुसेही दुबळी होतात. बेळगावात केएलईच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले असले, तरी खानापूर, चिकोडी, अथणीकडचे रुग्ण कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईलाही जातात. अशा वेळी बायोप्सीचा रिपोर्ट, तिच्या काचपट्ट्या आणि सीटीची सीडी बरोबर न्यावी. यंत्र स्वतःहून काही कापत नाही, त्याचे हात शल्यविशारदच चालवतो आणि गरज पडल्यास पोट उघडावे लागते, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला व घरच्यांना मराठीतून सांगणे आवश्यक आहे.