निळ्या डोळ्याचं शिंगरू आंधळं नसतं

‘शिंगराचा डोळा निळा किंवा पांढुरका दिसला, तर ते जन्मापासून आंधळं,’ असा निरोप घोडेवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. काळजीपोटीच फिरतो, पण त्यापायी चांगली शिंगरं मातीमोल विकली जातात, याचं वाईट वाटतं.

आधी रंग कुठे आहे ते बघा. बाहुलीभोवतीचं कडं निळं असेल, तर तिथे रंगद्रव्य कमी आहे, एवढंच. नजर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ठरते, कड्याच्या रंगावर नाही. बऱ्याच शिंगरांचं कडं जन्मतः निळसर-करडं असतं आणि काही महिन्यांत गडद होतं. पण मधली बाहुलीच पांढरी दिसत असेल, तर तो मोतीबिंदू असू शकतो. तो जन्मजातही असतो.

आता तपासणी. बहुतेकजण डोळ्यासमोर हात हलवतात आणि पापणी मिटली नाही की घाबरतात. ही प्रतिक्रिया शिंगरू शिकतं. ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधी अंधाऱ्या तबेल्यात टॉर्च दाखवा: बाहुली आकसते का, प्रखर उजेडाला पापणी मिटते का? शिंगरू आईमागे न धडपडता चालतं का, हेही पाहा.

खरी घाई वेगळ्याच दोषात करावी लागते. खालची पापणी आत वळलेली असेल, तर केस बुबुळाला घासतात, पाणी गळतं, जखम होते. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. पापणी तात्पुरत्या टाक्यांनी सरळ करता येते.

सारंगखेड्याच्या बाजारात मोठं घोडं घेतानाही कड्याचा रंग सोडा, बाहुली बघा.