प्रवेग-विलंब, स्वयंचलित गिअरबॉक्समधील

स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारगाडीने एक्सिलरेटर दाबल्यावर वेग घेण्यास नेहमीपेक्षा जास्त वेळ लावणे. याचे मूळ एंजिनात, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (एंजिनाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, द्रवातून गिअरबॉक्सकडे नेणारा व वाढवणारा भाग), गिअरबॉक्सच्या क्लचांत किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात असते. चालकाला मात्र चारही दोष ‘पिकअप गेला’ असेच जाणवतात.

काही विलंब रचनेतलाच असतो; तो या गिअरबॉक्सच्या इतिहासात दिसतो. टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फ्यॉटिंगर यांचे (१९०५). ते जहाजांसाठी होते. मोटारीतील पहिल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचा मान काही जण बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंना (सु. १९०४), तर काही कॅनडाचे अल्फ्रेड मन्रो यांना (१९२१) देतात. मोठ्या संख्येने उत्पादन हा निकष धरल्यास जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक (१९४० चे ओल्ड्समोबील) अधिक सयुक्तिक ठरतो. त्यात टॉर्क न वाढवणारे साधे द्रवयुग्मक (द्रवातून केलेली जोडणी) होते. ब्यूइकच्या डायनाफ्लोमध्ये (१९४८) टॉर्क कन्व्हर्टर आला. तो चालण्यास अतिशय मऊ होता, पण ड्राइव्हमध्ये गिअर आपोआप बदलत नसल्याने गाडी सावकाश वेग घेई.

निदानात आधी गिअरबॉक्सच्या ऑईलची पातळी व स्थिती पाहतात. काळपट, जळका वास येणारे ऑईल क्लच घसरत असल्याचे सुचवते. त्यानंतर एंजिन मंदगतीवर ठेवून न्यूट्रलमधून ड्राइव्ह टाकतात आणि धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजतात. काही जपानी दुरुस्तीपुस्तिकांत ही मर्यादा ड्राइव्हसाठी १.२ आणि रिव्हर्ससाठी १.५ सेकंद दिलेली आहे. वेळ जास्त लागल्यास तेलदाब कमी किंवा क्लच झिजलेला असण्याचा संभव असतो.

स्टॉल चाचणीत ब्रेक घट्ट दाबून, चाकांना अडण्या लावून एक्सिलरेटर पूर्ण दाबतात व एंजिनाचे फेरे पाहतात. ती ५ सेकंदांहून जास्त करू नये, ऑईल झपाट्याने तापते. फेरे ठरलेल्यापेक्षा जास्त गेले तर गिअरबॉक्समधील क्लच घसरतो आहे. ते फक्त ड्राइव्हमध्ये जास्त असतील तर संशय गाडी पुढे नेणाऱ्या क्लचवर, दोन्ही दिशांना असतील तर तेलदाबावर. फेरे कमी पडल्यास एंजिन अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधील स्टेटरचा (द्रवाचा प्रवाह वळवणाऱ्या पात्यांच्या चक्राचा) एकदिश क्लच, म्हणजे त्याला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच, सुटला आहे. हा फरक रस्त्यावर उमगतो: एकदिश क्लच सुटला असेल तर गाडी सुरुवातीला रेंगाळते पण वेगात ठीक चालते, अशक्त एंजिन दोन्हीकडे कमी पडते. याउलट तो क्लच जाम झाला असेल तर सुरुवात चांगली होते आणि वरचा वेग मिळत नाही. ब्रेक व एक्सिलरेटर एकत्र दाबल्यास थ्रॉटल (एंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) आपोआप कमी करणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत या चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरतो. तेथे स्कॅनरवरील (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणावरील) पेडल व थ्रॉटलची आकडेवारी अधिक विश्वसनीय होय.

एंजिनाकडील नेहमीची कारणे म्हणजे मळलेले थ्रॉटल, हवामापक सेन्सरचा बिघाड, तुंबलेला इंधन फिल्टर.

भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे क्लच व गिअर यंत्राने आपोआप हलवणाऱ्या) प्रकारात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. गिअर बदलताना क्लच सुटून पुन्हा लागेपर्यंत ओढ क्षणभर थांबते. घाटात पुढच्या वाहनाला मागे टाकताना हा खंड विशेष जाणवतो, पण तो दोष नव्हे. या गाड्यांवर स्टॉल चाचणी करू नये.