पोलेरियम : एका रेघेत उलटणाऱ्या टाइल्सची पार्श्वभूमी

निंटेंडोच्या डीएस या दोन पडद्यांच्या, हातात धरायच्या गेमयंत्रावर पोलेरियम हा काळ्या-पांढऱ्या टाइल्स उलटवण्याचा कोड्यांचा खेळ खेळलेल्या कुणालाही विचारा, टचस्क्रीन हाच त्या खेळाचा प्राण आहे असं सांगेल. ज्यांनी तो बनवला त्यांनी मात्र वर्षभराच्या आतच तो बटणांवर नेला. हा निर्णय काहींना आजही रुचत नाही. त्याची मुळं शोधायची तर डीएसच्या थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आलेला रिव्हर्सी आणि १९७०च्या दशकात जपानने लोकप्रिय केलेला ऑथेलो हे या घराण्याचे पूर्वज खरे, पण ते दोघांनी खेळायचे. एकट्याने बसून सोडवायचं उलटापालटीचं कोडं इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर रुळलं. १९७८ साली अमेरिकेत टेलिफोनच्या रिसीव्हरच्या आकाराचं एक लाल खेळणं आलं, त्यातल्या सहा खेळांपैकी एक याच जातीचा होता. खरी प्रसिद्धी मिळाली ती १९९५च्या लाइट्स आउटला. पाच बाय पाच दिवे, एक दाबला की तो आणि त्याचे वर-खाली-डावी-उजवीकडचे शेजारी पालटतात, सगळे विझवायचे.

या कोड्याचा स्वभाव पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावा असा आहे. तोच दिवा दोनदा दाबला तर काहीच घडलं नाही असं होतं, आणि कोणता आधी, कोणता नंतर याने काही फरक पडत नाही. म्हणजे ‘कोणते दिवे दाबायचे’ एवढाच प्रश्न उरतो. एकूण ३,३५,५४,४३२ मांडण्यांपैकी बरोबर एक चतुर्थांश सुटतात, आणि सुटणारी कुठलीही मांडणी जास्तीत जास्त १५ दाबांत आटोपते. हिशेब चोख आहे. त्यात हाताचं कसब शून्य.

लाइट्स आउट विकणाऱ्या इलिनॉयच्या खेळणी कंपनीने १९९७मध्ये गेमकॉम नावाचं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, काढलं. टचस्क्रीन असलेलं हे पहिलं हँडहेल्ड गेमयंत्र. किंमत सुमारे ७० डॉलर, पडदा काळा-पांढरा, सोबत स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची काडी. आणि खोक्यात फुकट मिळणारं कार्ट्रिज कोणतं, तर लाइट्स आउट. घरचाच माल होता हे एक कारण असेल. पण दुसरं कारण पडद्याकडे बघितलं की कळतं. स्पर्श ओळखणारी जाळी इतकी ढोबळ होती की तिच्या चौकटी पडद्यावर डोळ्यांना दिसत. अशा पडद्यावर चित्र काढता येत नाही, बाण नेमका मारता येत नाही, पण ‘ही चौकट दाबली’ एवढं त्याला बिनचूक समजतं. ढोबळ टचस्क्रीनला चौकटींचं कोडं शोभून दिसतं, ते असं. यंत्र मात्र चाललं नाही. तीन लाखही खपलं नाही आणि २०००मध्ये गाशा गुंडाळला गेला.

आपल्याकडे त्या सुमाराला हातात मावणारा गेम म्हणजे ब्रिक गेम, खोक्यावर ९९९९ खेळांचा दावा आणि आत टेट्रिसच्याच वेगवेगळ्या चाली. टचस्क्रीनचं नाव नव्हतं.

मग आला डीएस : २१ नोव्हेंबर २००४ अमेरिकेत, २ डिसेंबरला जपानमध्ये, ११ मार्च २००५ युरोपात. क्योतोच्या निंटेंडोने मायदेशाआधी अमेरिकेत यंत्र आणण्याची ही पहिलीच वेळ. पोलेरियम जपानमध्ये आणि युरोपात पहिल्या दिवसापासून दुकानात होता, अमेरिकेत मात्र एप्रिल २००५ उजाडला. त्यामुळे त्याला डीएसचा ‘लाँच गेम’ म्हणायचं की नाही हे बोलणारा कुठे राहतो यावर ठरतं. तो बनवला टोकियोतल्या एका छोट्या कंपनीने. फुगे फोडण्याचा पँग आणि गोल फिरत येणाऱ्या गोळ्यांचा पझ लूप हे आर्केडचे खेळ याच लोकांच्या नावावर.

डीएसचा खालचा पडदा दाबावर चालणारा होता. वरचा मऊ थर दाबून खालच्या थराला टेकतो आणि यंत्राला जागा कळते. एका वेळी एकच स्पर्श, पण टोकदार स्टायलसने तो अगदी नेमका. म्हणजे गेमकॉमला जे जमत नव्हतं ते, चौकटीवरून चौकटीवर न अडखळता रेघ ओढणं, इथे जमत होतं. पोलेरियमने नेमकं तेच उचललं. टाइल्स काळ्या किंवा पांढऱ्या. रेघ ज्यांवरून जाईल त्या उलटतात. आडवी ओळ पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी झाली की नाहीशी होते. रेघ तिरकी जात नाही, स्वतःला छेदत नाही.

एक छोटी मांडणी घेऊ. वरची ओळ : काळी, पांढरी, काळी, काळी. खालची : पांढरी, पांढरी, काळी, पांढरी. वर दुसरी टाइल उलटली आणि खाली तिसरी, की काम झालं. पण या दोन टाइल्स एकमेकींना तिरक्या आहेत. सरळ जायचं तर मधली एखादी निर्दोष टाइल उलटते आणि ओळ बिघडते. सुटका कडेच्या राखाडी टाइल्समुळे होते, त्यांच्यावर रेघ गेली तरी काही बदलत नाही. वरच्या दुसऱ्या टाइलवरून निघायचं, वर कडेला जायचं, उजवीकडून सगळ्या पाटाला वळसा घालून खाली यायचं आणि खालून तिसऱ्या टाइलमध्ये शिरायचं. दुसराही मार्ग आहे : खालची ओळ पांढरी करण्याऐवजी काळी करायची. प्रत्येक ओळीला असे दोन पर्याय, म्हणजे दहा ओळींना १०२४ उद्दिष्टं, आणि त्यांतलं कुठलं एका अखंड रेघेत बसतं हे शोधायचं.

लाइट्स आउटशी नातं इथे तुटतं. उलटायच्या टाइल्स कळल्या तरी कोडं सुटत नाही, त्यांना गाठणारी वाट सापडावी लागते. एका रेघेत चित्र काढायच्या कोड्यांमध्ये रेघ पुन्हा गिरवायची नसते, बिंदूवरून मात्र कितीदाही जाता येतं; त्याचं उत्तर १७३६मध्ये नदीवरच्या पुलांच्या एका प्रश्नातून निघालेला नियम चटकन देतो. पोलेरियममध्ये चौकटच दुसऱ्यांदा ओलांडता येत नाही. अशा वाटेसाठी तसा सोपा नियम आजवर कुणालाही सापडलेला नाही.

खेळात दोन मुख्य प्रकार होते. एकात शंभर कोडी, प्रत्येक एकाच रेघेत संपवायचं, घड्याळाची घाई नाही. दुसऱ्यात टाइल्सचे थर वरच्या पडद्यावरून खाली कोसळत राहतात आणि ढीग वर पोहोचायच्या आत ओळी साफ करायच्या. जाहिरातीत आणि परीक्षणांत हा दुसरा प्रकार पुढे राहिला, त्यामुळे तुलना टेट्रिसशी झाली. त्यातच डीएसनंतर दहाच दिवसांनी जपानमध्ये सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डवर ल्युमिनेस हा खेळ आला, तोही दोन रंगांचा, पण संगीत आणि झगमगाटासह. पोलेरियमचं काळं-पांढरं रूप त्याच्यापुढे फिकं पडलं. माझ्या मते चूक इथेच झाली. कोसळत्या टाइल्सच्या गडबडीत डोकं कमी आणि सराव जास्त लागतो, ठरावीक नक्षी आली की ठरावीक रेघ. शंभर कोड्यांचा भाग खरा दर्जेदार, आणि तो परीक्षणांत शेवटच्या परिच्छेदात उरकला गेला.

आता तो वादाचा निर्णय. ऑक्टोबर २००५मध्ये जपानमध्ये पुढचा भाग आला, तो गेम बॉय ॲडव्हान्स या निंटेंडोच्या डीएसआधीच्या हँडहेल्डवर. टचस्क्रीन नाही, स्टायलस नाही. दिशाबटणाने ठोकळा हलवायचा आणि बटण दाबून धरून रेघ ओढायची. त्यात ३६५ कोडी होती, दिवसाला एक या हिशेबाने, आणि जपानी नावातच नोकरीला येण्या-जाण्याचा प्रवास होता. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरलेल्या माणसाला स्टायलस काढणं परवडत नाही, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको.

नाराज मंडळींचं म्हणणं असं की डीएस खपत असताना जुन्या यंत्राकडे वळणं म्हणजे टचस्क्रीन हा केवळ देखावा होता अशी कबुली देणं. युक्तिवाद चटकदार आहे, पण अर्धाच खरा. कोसळत्या टाइल्सना स्टायलसचा वेग लागतो, ते बटणांवर तसं होत नाही. कोड्यांचं मात्र उलट आहे. तिथे वेळ विचारात जातो, रेघ ओढण्यात नाही. स्टायलस धरलेला हात अर्धा पाट झाकतो, बटणांवर सगळा पाट उघडा राहतो. एका चौकटीने मागे घ्यायचं तर बटण एकदा दाबलं की झालं. निर्मात्यांनी खेळाचा जो भाग अस्सल होता तो ओळखला आणि त्याला सोयीचं यंत्र दिलं, एवढंच.

यातली गंमत पुढे आहे. डीएस आणि २००६चा डीएस लाइट यांना खालच्या बाजूला गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजची खाच होती. त्यामुळे बटणांचा हा भाग टचस्क्रीनच्या यंत्रावर टचस्क्रीन न वापरता खेळता येई. त्या अवस्थेत स्पर्श चालतच नसे. अमेरिकेत तो २००६च्या अखेरीस पोहोचला, तेव्हा तिथल्या बऱ्याच खेळाडूंनी तो डीएसमध्येच घातला. नोव्हेंबर २००८मध्ये जपानमध्ये आलेल्या डीएसआय या डीएसच्या पुढच्या आवृत्तीने ती खाच काढून टाकली. मूळ पोलेरियम त्यावर चालत राहिला, पुढचा भाग वाऱ्यावर सुटला.

तोवर जग बोटाकडे वळलं होतं. जानेवारी २००७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर नवा फोन दाखवताना स्टायलसची टर उडवली गेली आणि दाबाऐवजी बोटाच्या विद्युतस्पर्शावर चालणारा पडदा सगळीकडे पसरला. डीएस घराण्याची विक्री १५ कोटी ४० लाखांवर गेली, पण पोलेरियम बनवणारी कंपनी २०१२मध्ये बंद झाली. पझ लूपला स्टायलसचं रूप तिने २००६मध्ये दिलं होतं, तेवढाच दुसरा गाजलेला प्रयोग.

निंटेंडोचं २०१७चं गेमयंत्र, स्विच, टचस्क्रीनचंच आहे, पण स्टायलसविना. शिवाय ते टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये बसवलं की त्याचा पडदा बंद होतो, स्पर्शाचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे तिथे निव्वळ स्पर्शावर चालणारे खेळ मोजके, आणि टाइल उलटण्याचं कोडं आणायचं तर बटणांची सोय आधी करावी लागते.