अयनदिन आणि ऋतुचक्र : नागपूर परिसर

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेला काटकोनात नाही. तो लंबापासून सुमारे 23.4 अंश कललेला आहे. वर्षभर त्याचे उत्तर टोक ध्रुवताऱ्याकडेच रोखलेले राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये विरुद्ध बाजूला. हा झुकाव कमाल असतो ते अयनदिन, म्हणजे 21 जून आणि 22 डिसेंबर. तारीख एखाद्या दिवसाने मागेपुढे होते. सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते, हा समज मात्र चिवट आहे. नागपुरात शेकोट्या पेटतात त्या जानेवारीच्या आरंभीच पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे 14.7 कोटी किमीवर असते.

नागपूर (21.15 अंश उत्तर) कर्कवृत्ताच्या जरासे दक्षिणेला असल्याने इथे सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. 26 मेच्या सुमारास दुपारी साधारण 12 वाजून 10 मिनिटांनी गच्चीवरच्या उभ्या पाइपाची सावली त्याच्या बुडाशीच विरून जाते. हा शून्य सावलीचा दिवस. झिरो माइलच्या गावाला तो शोभतोही. दुसरा 17 जुलैच्या आसपासचा, पण तो बहुधा ढगांतच जातो. मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला सरकलेला असतो. 21 जूनला मीटरभर काठीची सावली जेमतेम 4 सेंमी, तीही दक्षिणेकडे पडते. 22 डिसेंबरला ती उत्तरेकडे जवळजवळ काठीएवढी होते आणि माध्यान्हीचे तेच ऊन सुमारे 1.4 पट जमिनीवर पसरते. दिवसमानही साधारण 13 तास 25 मिनिटांवरून 10 तास 50 मिनिटांवर येते.

तरी सर्वांत मोठा दिवस इथला सर्वांत तापलेला दिवस नसतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हा, 25 मेच्या सुमारास, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात. त्या दिवसांत सूर्य माथ्यावर, आभाळ निरभ्र आणि काळी माती भेगाळलेली असते. अयनदिन येईपर्यंत बहुतेक वर्षी पावसाळी ढग पोहोचलेले असतात.

संक्रांतीला आपण उत्तरायण लागले म्हणतो, पण सूर्य 22 डिसेंबरलाच वळलेला असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी पुरी करतो. पंचांगातली मकर रास ताऱ्यांशी बांधलेली, अयनदिन आसाच्या कलाशी. म्हणून दोहोंत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे आणि ते साधारण 70 वर्षांत एका दिवसाने वाढते.