"मॅडम, म्हणूनच आमचा..."

जुलैचा पहिला आठवडा होता. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळे वह्यांच्या कव्हरांचा वास अजून गेला नव्हता. नागपुरातल्या एका शाळेत, सहावीच्या वर्गात मी माझी प्रयोगांची पेटी घेऊन शेवटच्या बाकावर बसलो होतो. माझी पाळी तासाच्या शेवटी. तोवर मॅडम बाष्पीभवन शिकवत होत्या.

"पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत?"

दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "मॅडम, हवेत आधीच पाणी असते. म्हणूनच आमचा..."

"बरोबर! हवेत बाष्पाचं प्रमाण जास्त असतं. शाब्बास, बस."

मुलगी बसली. 'आमचा' काय, ते राहूनच गेलं.

मॅडमचा विषय पक्का आहे आणि मुलांचा त्यांच्यावर जीव आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पेटी घेऊन शाळाशाळा हिंडताना कितीदा केलं असेल, याचा हिशेब नाही. मुलांचं ऐकून घेणं हा स्वभावाचा भाग, प्रेमळ शिक्षक ऐकतात आणि खडूस शिक्षक ऐकत नाहीत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती फारशी खरी नाही. प्रेमळ माणूसही वाक्य तोडतो, कारण बोलण्याचं घड्याळच तसं चालतं. त्या घड्याळाची यंत्रणा मला फार आवडते, तेव्हा थोडा धीर धरा.

दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली दहा भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं मोजली गेली. त्यांत जपानी होती, डॅनिश होती, मेक्सिकोतली त्सेल्ताल होती, मराठी नव्हती. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक यापेक्षा झटपट आणि डॅनिश लोक संथ, पण सगळ्या भाषा या आकड्याच्या आसपासच होत्या.

गंमत पुढे आहे. समोर चित्र ठेवलं आणि 'हे काय?' विचारलं, तर एक शब्द तोंडातून बाहेर पडायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. त्यातले सुमारे १७५ वस्तू ओळखून कल्पना पक्की करण्यात जातात, ७५ शब्द निवडण्यात आणि २०० त्या शब्दाचे आवाज गोळा करून अक्षरांत बसवण्यात. उरलेले दीडशेच्या आसपास जीभ, ओठ आणि घशासाठी हुकूम तयार करण्यात. साधं, छोटं वाक्य असेल तर बोलायला लागण्याआधी दीड सेकंद सहज लागतो. मग २०० मिलिसेकंदांत उत्तर येतंच कसं?

एकच मार्ग उरतो. समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर शिजायला टाकतो. २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे मेंदूच्या विद्युतलहरी मोजून दाखवलं. त्यांची युक्ती मराठीत करून बघू. 'संत्र्यासाठी प्रसिद्ध असलेलं विदर्भातलं शहर कोणतं?' आणि 'विदर्भातलं कोणतं शहर संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे?' प्रश्न एकच. पण पहिल्यात 'संत्र्यासाठी' सुरुवातीलाच येतं आणि नागपूरकराचा मेंदू तिथेच कामाला लागतो. दुसऱ्यात त्याला वाट बघावी लागते. उत्तराचा सुगावा देणारा शब्द कानावर पडला की सुमारे अर्ध्या सेकंदात तयारीची खूण लहरींमध्ये उमटते, मग प्रश्न संपलेला असो वा नसो.

आता वर्गात या. "हवेत आधीच पाणी असते" एवढं ऐकताच मॅडमच्या डोक्यात 'बरोबर, बाष्पाचं प्रमाण' हे वाक्य तयार झालं, जिभेपर्यंत आलं आणि फट शोधू लागलं. फट मिळाली तीही श्वास घेण्याइतकी. 'म्हणूनच आमचा' हे शब्द कानांत शिरले असणारच, पण तोवर गाडी सुटली होती. त्यात गप्पांमध्ये एक सेकंदाहून जास्त शांतता पडली की काहीतरी बिनसलंय असं आपल्याला वाटू लागतं. चाळीस पोरांसमोर तर तो सेकंद अंगावर येतो.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी प्राथमिक शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांचं शेकडो फितींवर ध्वनिमुद्रण केलं. फितींवरचा आवाज त्यांनी आलेख काढणाऱ्या यंत्राला जोडला. बोलणं चालू असेल तेव्हा पेन उड्या मारी, शांततेत सपाट रेघ. मग त्यांनी रेघांची लांबी मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते, आणि मुलाचं बोलून झालं की साधारण तेवढंच. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना जवळजवळ दोन सेकंद मिळत, मागे पडलेल्यांना जेमतेम एक.

शिक्षकांना सराव देऊन हा वेळ तीन सेकंदांच्या वर नेला तेव्हा उत्तरांची लांबी काही पटींनी वाढली, 'माहीत नाही' आणि नुसतं गप्प राहणं कमी झालं, मुलं एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलू लागली, प्रश्न विचारू लागली. मागच्या बाकांवरून आवाज यायला लागला आणि त्या मुलांबद्दलचं शिक्षकांचं मतही बदललं. हे सगळं १९७४ सालच्या त्यांच्या निबंधात आहे. रो बाईंचं एक निरीक्षण मला स्वतःला फार लागलं. मुलाचं उत्तर लगेच आपल्या तोंडून पुन्हा म्हणणं आणि घाईघाईत शाबासकी देणं, या दोन्ही सवयी मुलाचं पुढचं बोलणं खाऊन टाकतात. शाबासकी म्हणजे विषय संपल्याची घंटा.

अर्थात 'सात नवे किती?' विचारून तीन सेकंद थांबण्यात काही हशील नाही. पाढा एक तर येतो किंवा येत नाही. थांबण्याची कमाई 'का' आणि 'कसं' विचारल्यावरच. घरी 'काहून' म्हणणारं पोर वर्गात पुस्तकी 'का' शोधत असतं, त्याला वेळ लागणारच.

मुलांना बोलतं करायचे इतर उपाय मात्र जोरात चालू आहेत. वेखंड उगाळून चाटवणं अजून गेलेलं नाही. त्याच्या शेजारी मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू 'चालू' करून देतो म्हणणारे वर्ग बसलेत, हजारो रुपये फी घेऊन. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं तिथे नाकाजवळच्या फटीतून वाचतात आणि आईबाप टाळ्या वाजवतात. मध्यमेंदूत ऐकण्याचं एक मोठं ठाणं खरोखरच आहे, कानांतून आलेले संदेश तिथूनच वर जातात. ते जन्मल्यापासून चालूच असतं. कोणी बटण दाबायला नको.

त्या दिवशी माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं आली. पेटीतून काचेची बाटली काढून नळाखाली धरली आणि विचारलं, "भरताना आवाज बारीक का होत जातो?" मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थांबलो. एक. दोन. वर पंखा कुरकुरत होता. तीन. चौथ्या सेकंदाला एक हात वर गेला. "सर, पाणी प्यायला जाऊ?"

असो. मधल्या सुट्टीत ती दोन वेण्यांची मुलगी व्हरांड्यात डबा खात होती. मी विचारलं, "मघाशी तू आमचा म्हणालीस. आमचा काय?"

"कूलर, सर."

"काय झालं कूलरला?"

"थंड हवाच नाही देऊन राहिला. मे महिन्यात देत होता. पप्पा म्हणतात मोटर गेली."

इथे माझं उत्तर तयार झालं होतं. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, दमट हवेत ते फारसं उडत नाही, आणि शाब्बास. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या हातातला पोळीचा तुकडा अजून हवेतच होता.

"मोटर नाही गेली, सर," ती म्हणाली. "मे महिन्यात टाकी मी रोज दोनदा भरत होती. आता पाणी संपूनच नाही राहिलं."